पांढरी पाच

गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटपाशी बोट दाबून तार छेडली की पेटीवरची पांढरी पाच वाजते, खर्जातली. पाश्चात्त्य पद्धतीत ती जी, मोजमापात ९८ हर्ट्झ. गिटार शिकायला बसलेल्या पोराला पहिल्याच महिन्यात जी कॉर्ड दाखवतात, तिचा हा पाया. भावगीतांच्या कार्यक्रमांत साथीला बसून मी हा स्वर किती वेळा छेडला असेन याची मोजदाद नाही. कवितेच्या एका ओळीवर पानंच्या पानं लिहिणारे लोक आहेत. मला या एका स्वरावर लिहायचं आहे.

पण स्वर गिटारीतून निघतो तिथवरच थांबायचं नाही. तो पिकअपमध्ये शिरतो, वायरीतून धावतो, स्टेजवर पायाशी ठेवलेल्या एका लोखंडी डबीतून जातो आणि मग मिक्सरला पोचतो. तेव्हा त्याच्यातलं काय उरलेलं असतं? त्या डबीचं पूर्ण नाव डायरेक्ट बॉक्स. मांडवात आणि नाट्यगृहात सगळे तिला डीआय म्हणतात. कार्यक्रमाच्या यादीत तिचा उल्लेख शेवटी येतो, बहुधा ‘डीआय – २’ एवढाच. कुठली डीआय, ते कोणी विचारत नाही. माझी तक्रार तिथेच आहे.

आधी मूळ पाठ पाहू. बंद खोलीत, कुठलीही वायर न लावता, मोठ्या अंगाच्या ड्रेडनॉट गिटारवर हा स्वर छेडावा. शेजारच्या स्वरांपेक्षा तो जरा जास्त फुलतो. कारण गिटारच्या पोटातली हवा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली आपल्या ठरलेल्या सुरात हुंकारते. गिटारचं पोट ही तशीच बाटली, साउंडहोल हे तिचं तोंड. अशा गिटारीत हा हुंकार साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे पांढरी पाचच्या अगदी मांडीला मांडी लावून. तार बोलते आणि पोट हुंकार भरतं. त्यामुळे स्वर मोठा होतो आणि लवकर विझतोही, कारण तारेतली ताकद पोटानं भराभर खर्चून टाकलेली असते.

आता स्वराच्या आत डोकावायचं. तानपुऱ्यापाशी बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: तार एकच स्वर कधी म्हणत नाही. ९८ हर्ट्झचा षड्ज धरला तर १९६ ला वरचा षड्ज, २९४ ला पंचम, ३९२ ला पुन्हा षड्ज आणि ४९० ला गंधार, तोच स्वयंभू गंधार, जो कोणी छेडलेला नसतो आणि तरी ऐकू येतो. या मंडळींचं आपापसातलं प्रमाण म्हणजे त्या गिटारचा रंग. षड्ज भरपूर आणि गंधार वर तरंगणारा, असं असेल तर आपण म्हणतो, आवाज गोल आहे. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे डबी नेमकी त्यालाच हात घालते.

आता पिकअप. ॲकूस्टिक गिटारीत बहुतेक वेळा तो ब्रिजवरच्या हाडी पट्टीखाली, म्हणजे सॅडलखाली, दडवलेला असतो. पिएझो जातीचा. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या अंगावर विद्युतभार उमटतो, हे पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. गिटारपर्यंत ही विद्या यायला पुढे ऐंशीएक वर्षं लागली. १९६० च्या दशकात बार्कस-बेरीनं वाद्यांवर पिएझो पिकअप बसवायला सुरुवात केली, आणि हेलिकॉप्टरं बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांच्या ओव्हेशननं सॅडलखालचा पिकअप असलेल्या गिटारी सर्वदूर पोचवल्या. हेलिकॉप्टरवाल्यानं गिटारीकडे वळावं यात काही नवल नाही. नको असलेली कंपनं मारण्यात त्याची हयात गेली होती, हवी असलेली कंपनं कशी जगवायची हे त्याला उलटं करून बघायचं होतं.

सॅडलखालच्या पिएझोला खोली ऐकू येत नाही, हवा ऐकू येत नाही. त्याला कळतो फक्त दाब. तार सॅडलला किती आणि कशी दाबते आहे, एवढंच. म्हणून त्याचा आवाज थोडा कोरडा, थोडा बदकी. जोरात स्ट्रोक मारला की ‘क्वॅक’ होतो तो इथून. त्याला दोष देऊ नये. पोटावर कान ठेवणाऱ्याला चेहरा कसा दिसणार?

खरी गंमत पुढे आहे. पिएझोवर उमटलेला भार म्हणजे ओंजळीत धरलेलं पाणी. ज्या यंत्राला आपण तो जोडतो, त्या यंत्राच्या वाटेनं हे पाणी झिरपायला लागतं. यंत्राचा इनपुट इम्पीडन्स जितका मोठा तितकी बोटं घट्ट मिटलेली. जितका लहान तितक्या फटी. तारेचं वरचं कंपन, ते गंधार आणि त्याच्या वरची किणकिण, इतक्या वेगानं होतं की पाणी झिरपायच्या आत दाब बदलून ओंजळ पुन्हा भरलेली असते. खर्ज सावकाश चालतो. पांढरी पाचचं एक आंदोलन पुरं व्हायला १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ओंजळ रिकामी झाली तर खर्ज मिक्सरपर्यंत पोचतच नाही. वाट पाहत बसणाऱ्याचं पाणी आधी संपतं.

आकडे देतो, कारण या विषयात विशेषणं फार झाली आहेत. पिकअपची धारिता, म्हणजे ओंजळीचं माप, १ नॅनोफॅरड धरू. सॅडलखालच्या पट्ट्या त्याच्या अलीकडे-पलीकडे असतात. आता एकच गिटार, एकच बोट, एकच स्वर, आणि तीन डब्या. जुन्या ग्रंथाचे तीन पाठभेद समोर ठेवून वाचावेत तसे हे वाचायचे.

पहिला पाठ: इनपुट इम्पीडन्स १४० किलोओहम. कॅनडातल्या रेडियल कंपनीची जेडीआय ही प्रसिद्ध डबी या आकड्याची. आत जेन्सनचा ट्रान्सफॉर्मर, बॅटरी नाही, वीज नाही. हिच्यात आपली ओंजळ मिलिसेकंदाच्या सातव्या हिश्शात गळते. साधारण ११३७ हर्ट्झच्या खालचं सगळं उतरंडीला लागतं. वीस फ्रेटच्या गिटारवर सगळ्यात बारीक तारेच्या शेवटच्या फ्रेटचा स्वर १०४६ हर्ट्झचा असतो. म्हणजे गिटारच्या गळ्यावर बोट ठेवून काढता येईल असा प्रत्येक स्वर या उतरंडीवर आहे, एकही वाचलेला नाही. पांढरी पाचचा षड्ज २१ डेसिबलनं खाली जातो. १९६ चा षड्ज १५ नं. आणि तो आगंतुक गंधार फक्त ८ नं. यजमान दाराबाहेर आणि पाहुणा ओसरीवर, अशी अवस्था. स्वर ओळखू येतो, कारण आपला मेंदू भला आहे, गहाळ षड्ज तो पदरचा भरून घेतो. पण अंग नाही. नुसती किणकिण.

दुसरा पाठ: १ मेगओहम. बीएसएसची एआर-१३३ या गावची. जगभरच्या स्टेजवर हिनं इतकं काम केलं आहे की तिला वेगळं प्रमाणपत्र नको. उतरंड आता १५९ हर्ट्झला सुरू होते. गंधार जवळजवळ अबाधित, षड्ज साडेपाच डेसिबलनं खाली. ऐकायला वाईट नाही. किंबहुना आधीच घुमणारी, मोठ्या पोटाची गिटार असेल तर हा पाठ मला कधीकधी मुळाहून बरा वाटतो, जरा सडपातळ झालेला, शब्दांना जागा देणारा. गायिका हळू आवाजाची असेल तेव्हा तर नक्कीच.

तिसरा पाठ: १० मेगओहम. कंट्रीमनची टाइप ८५, एल. आर. बॅग्जची पॅरा डीआय. उतरंड १६ हर्ट्झला, म्हणजे माणसाच्या कानाच्या उंबऱ्याबाहेर. षड्जाला एका डेसिबलच्या दहाव्या हिश्शाएवढा ओरखडा. गंमत अशी की या डबीत ओंजळ गळायला लागणारा वेळ १० मिलिसेकंद, आणि पांढरी पाचचं एक आंदोलनही १० मिलिसेकंदांचंच. पाणी आणि तहान यांचं माप इथे जुळतं. इथे पहिल्यांदा स्वराला अंग येतं, तार जाड आहे हे कळतं.

तीन पाठ वाचल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. गिऱ्हाईक विचारतं, ‘ॲक्टिव्ह आहे का पॅसिव्ह?’ हा प्रश्न अर्धा आहे. रेडियलचीच जे४८ ॲक्टिव्ह आहे, फँटम पॉवरवर, म्हणजे मिक्सरकडून केबलमधून येणाऱ्या विजेवर, चालते, बेस गिटारला झकास लागते. पण तिचा इनपुट २२० किलोओहमचा. आपल्या उघड्या पिएझोला ती जोडली तर षड्ज १७ डेसिबलनं जातो, पहिल्या पाठाच्या अगदी शेजारी जाऊन बसतो. डबीत वीज खेळते आहे म्हणून ती पिएझोची झाली असं नाही. विचारायचा तो आकडा. त्याच कंपनीनं पुढे पीझेड-डीआय काढली, तिच्यावर २२० किलोओहम, १ मेग आणि १० मेग असा तीन घरांचा खटका आहे. एका डबीत तीन पाठभेद. मला ती संशोधित आवृत्तीसारखी वाटते: संपादकानं सगळे पाठ छापले आहेत, निवड वाचकावर.

पहिला पाठ मी पुस्तकात वाचला नाही. तालुक्याच्या एका गावी, गणपतीच्या मांडवात, ऐन कार्यक्रमात वाचला. तेव्हा माझ्या गिटारीत सॅडलखाली नुसती पट्टी होती, आत प्रीॲम्प नाही, बॅटरी नाही. साउंडवाल्या दादांनी मोठ्या मानानं आपल्याकडची सगळ्यात महागडी डीआय काढून दिली. ट्रान्सफॉर्मरवाली, हातात घेतली की वजन जाणवणारी. मी पांढरी पाच छेडली आणि मॉनिटरमधून, म्हणजे स्टेजवर आमच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, चहाच्या रिकाम्या डब्यावर चमचा आपटल्यासारखा आवाज आला. तबलजी म्हणाले, ‘गिटार उपाशी आहे का हो आज?’ मी दादांना म्हटलं, बास द्या. त्यांनी दिला. मिक्सरवरचं बासचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी १५ डेसिबलच देतं, आणि मला हवे होते २१. पण त्या १५ बरोबर जे जे खाली दडून होतं ते सगळं वर आलं: पायांची धडधड, जनरेटरची गुणगुण, माझ्या बाहीचं घासणं. तिसऱ्या गाण्याला मॉनिटर हुंकारायला लागला. दादांनी बास काढला. कार्यक्रम चमच्यावरच पार पडला.

त्यांची काही चूक नव्हती, डबी अव्वल होती. फक्त ती दुसऱ्या कोणासाठी जन्मली होती. डीआय हा प्रकार मुळात बेस गिटार आणि इलेक्ट्रिक गिटार यांच्यासाठी आला, त्यांच्या चुंबकी पिकअपसाठी. साठच्या दशकात डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमर्सनची बेस गिटार ॲम्प्लिफायरसमोर माइक न ठेवता थेट मिक्सिंग टेबलात जात असे. लंडनच्या ॲबी रोडवर केन टाउनसेंड यांनी अशीच ट्रान्सफॉर्मरची जोडणी केली आणि बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’मध्ये मॅकार्टनीच्या बेसला तिचा उपयोग झाला. लेननला ही युक्ती इतकी भावली की आपला गळाही असाच थेट जोडता येईल का, असं त्यानं विचारलं. त्यावर, त्यासाठी आधी गळ्यात सॉकेट बसवायची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागेल, असं त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिननं सुनावलं म्हणे. चुंबकी पिकअपला १४० किलोओहम पुष्कळ होतात. पिएझोचा संसार वेगळा.

वायरीचंही तसंच. चुंबकी पिकअपला लांब वायर लावली की वरची चकाकी जाते, हे इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना पाठ असतं. पिएझोला वायर दुसरंच काही करते. साधारण गिटारवायर मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास धारिता बाळगते. सहा मीटर वायर म्हणजे ६००. पिकअपच्या १००० ला ती येऊन मिळते आणि पाणी दोन भांड्यांत वाटलं जातं. आवाज चार डेसिबलनं लहान होतो, रंग मात्र तोच राहतो. म्हणून डबी वादकाच्या पायाशी हवी, मिक्सरपाशी नाही. गिटार ते डबी जेमतेम दोन-तीन मीटर, आणि तिथून पुढे एक्सएलआर केबल खुशाल पन्नास मीटर जाऊ द्या.

आता डबीच्या अंगावरची बटणं. मी ती एकेक करून समजावणार नाही, माहितीपत्रकात ती असतात. पण त्यांतली तीन माझ्या पांढरी पाचशी इतकी निगडित आहेत की त्यांच्यावाचून हे वाचन अपुरं राहील.

पहिलं ग्राउंड लिफ्ट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. गिटारला जोडलेलं यंत्र एका प्लगवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या प्लगवर, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये वेटोळं तयार झालं की ५० आणि तिच्या पटींचा हम सुरू होतो. लहान स्पीकरमधून ५० फारशी येत नाही, आपल्याला ऐकू येते १००. शंभर म्हणजे काय? पांढरी पाचहून केसभर चढी! म्हणजे मी जी कॉर्ड धरतो तेव्हा सभागृहातला हम माझ्याबरोबर गातो, थोडा बेसूर. अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज, ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मध्ये पडते, कुठल्याच पट्टीत नाही. आपला हम निदान सुराच्या शेजारी राहतो. सुराच्या शेजारचा बेसूर जास्त बोचतो, ते वेगळं. लिफ्टचं बटण दाबलं की डबीच्या दोन बाजूंमधला जमिनीचा धागा तुटतो आणि वेटोळं मोडतं. ट्रान्सफॉर्मरवाल्या डबीत तर दोन्ही काठांमध्ये तांब्याचा पूलच नसतो, आवाज चुंबकाच्या लाटेवरून पलीकडे जातो. हमशी लढताना तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही, हे पहिल्या पाठाला झोडपल्यानंतर कबूल करायला हवं.

इथे एक गोष्ट रागानं लिहितो. हम घालवायला थ्री-पिनचा मोठा पाय काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो पाय आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे. एका हातात लोखंडी तारा आणि ओठांशी लोखंडी माइक, अशा माणसाच्या स्टेजवर अर्थिंग काढू नये. डबीवरचं बटण त्यासाठीच दिलं आहे.

दुसरं बटण पोलॅरिटीचं, एक गोल आणि त्यावर तिरकी रेघ. मघाशी म्हटलं, गिटारच्या पोटाचा हुंकार शंभरच्या आसपास असतो. मॉनिटरमधून पांढरी पाच परत आली की पोट पुन्हा हुंकारतं, पिकअप ते पुन्हा पाठवतो, आणि घुमत घुमत फीडबॅक होतो. शिट्टी नाही, हंबरणं. हे बटण लाट उलटी करतं. स्पीकर पोटाला आत ढकलत होता तो बाहेर ओढायला लागतो. बसायची जागा आणि मॉनिटरचं अंतर यांवर अवलंबून कधी एक बाजू शांत असते, कधी दुसरी. नियम नाही. साउंडचेकला दोन्ही बाजूंनी दाबून बघायचं आणि जी कमी हंबरते ती ठेवायची. पॅरा डीआयवर हे बटण आहे आणि शिवाय एकच अरुंद पट्टा कापणारा नॉच आहे. ज्याला मांडवात बसायचं आहे त्यानं नॉच असलेली डबी घ्यावी.

तिसरा लो-कट. इथे मला नेहमी थोडं हसू येतं. १० मेगओहमची डबी घ्यायची, जिवाचा आटापिटा करून षड्ज वाचवायचा, आणि मग गर्दीच्या मांडवात बटण दाबून तोच षड्ज आपल्या हातानं कापायचा! पण ही विसंगती वरवरची. पहिल्या पाठात खर्ज आपल्याला न विचारता गेला होता, वरपर्यंतचं सगळं तिरपं करून गेला होता. इथे मी ठरवतो, ऐंशीच्या खालचं नको. गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ८२ वर आहे, त्याखाली नुसती पावलं आणि वारा. आणि शांत सभागृहात, फक्त गायिका आणि गिटार असेल त्या रात्री, मी ते बटण सोडून देतो. वाचवलेलं धान्य नंतर पाखडता येतं. सांडलेलं गोळा करता येत नाही.

मग ट्रान्सफॉर्मरवाल्या डबीचं काय करायचं? ती टाकायची नाही. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गिटारींच्या कडेला चार बटणांची पट्टी असते, आत नऊ व्होल्टची बॅटरी. म्हणजे पिएझोची ओंजळ गिटारच्या पोटातच कोणीतरी घट्ट धरलेली आहे, आणि बाहेर येतो तो आवाज दमदार, कोणत्याही डबीला पुरून उरणारा. अशा गिटारीला १० मेगओहमची डबी लावून काही जास्त मिळत नाही. उलट दोन यंत्रं एकामागे एक लागली की जोराच्या स्ट्रोकला दुसऱ्याच्या इनपुटवर आवाज फाटायची भीती. इथे ट्रान्सफॉर्मर शोभतो. त्याला वीज नको, तो जोर सोसतो, आणि हम अडवतो. साउंडवाल्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: वाद्य बॅटरीवालं तर डबी बिनबॅटरीची, वाद्य बिनबॅटरीचं तर डबी विजेवरची. त्यात मी फक्त आकड्याची अट जोडतो.

व्हायोलिन, मेंडोलिन, सतार यांना घोडीपाशी चिकटवायचे पिकअप मिळतात. तिथे आत प्रीॲम्प नसतोच, आणि चकतीची धारिता कमी असली तर ओंजळ आणखी लहान. त्यांना तर १० मेगला पर्यायच नाही. व्हायोलिनची खालची तार १९६ हर्ट्झची, पांढरी पाचच, फक्त एक सप्तक वर. कमी इम्पीडन्सच्या डबीतून व्हायोलिन ऐकून ‘हे वाद्यच कर्कश’ असं म्हणणारे श्रोते मी बघितले आहेत. वाद्य कर्कश नसतं, त्याच्या खालच्या सप्तकाला आवाज पोचवणारं कोणी भेटलेलं नसतं.

या सगळ्या शहाणपणाला छेद देणारं एक ध्वनिमुद्रण आहे, आणि ते मला फार आवडतं. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमधल्या सोनीच्या स्टुडिओत निर्वाणा या बँडनं एमटीव्ही ‘अनप्लग्ड’साठी वाजवलं. ‘अनप्लग्ड’ म्हणजे वायर काढलेलं. बँडचा गायक कर्ट कोबेनच्या हातात १९५९ सालची मार्टिन डी-१८ई होती, जिच्यावर कारखान्यातच चुंबकी पिकअप बसवले होते, आणि साउंडहोलमध्ये बार्टोलिनीचा आणखी एक. ही गिटार त्यानं डीआयच्या साळसूद वाटेनं नुसती पाठवली नाही. त्याला त्याचा फेंडरचा ॲम्प्लिफायर हवा होता. वायर काढलेल्या कार्यक्रमात ॲम्प्लिफायर दिसणं बरं नव्हे, म्हणून कार्यक्रमाचे निर्माते ॲलेक्स कोलेटी यांनी तो मॉनिटर वाटावा अशा खोक्याआड लपवला. डेव्हिड बोवीचं १९७० सालचं ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ त्यांनी त्या रात्री वाजवलं, ते नीट ऐका. गिटारची ती प्रसिद्ध सुरावट लाकडाची नाही. तिला कडेनं जळल्यासारखा, फाटल्यासारखा रंग आहे. चुंबकी पिकअप लाकूड ऐकतच नाही, तो लोखंडी तार ऐकतो, आणि पुढे ॲम्प्लिफायर तिला भाजतो. त्या रात्री गिटारी अर्ध्या स्वरानं उतरवलेल्या होत्या, त्यामुळे माझी पांढरी पाच तिथे काळी तीनवर आहे. माझ्या तिन्ही पाठांत न बसणारा हा चौथा पाठ, आणि गाण्याच्या एकाकीपणाला तोच हवा होता. मुळाशी प्रामाणिक राहण्याची सगळी खटपट मी वर केली ती एका बाजूला, आणि हा माणूस मूळच बदलून मोकळा झाला. ती गिटार २०२० साली लिलावात ६० लाख डॉलरांना गेली. घेणारे पीटर फ्रीडमन हे रोड या ऑस्ट्रेलियन मायक्रोफोन कंपनीचे संस्थापक. माइक विकणाऱ्या माणसानं वायरवाली गिटार घेतली.

पण मी काही कोबेन नाही, आणि भावगीताला भाजलेला स्वर चालत नाही. माझ्या पिशवीत आता दोन डब्या असतात. एक १० मेगओहमची, बॅटरी आणि फँटम दोन्हींवर चालणारी, पोलॅरिटीचं बटण आणि नॉच असलेली, ती माझ्या जुन्या उघड्या पिएझोसाठी आणि व्हायोलिनवाल्या मित्रासाठी. दुसरी ट्रान्सफॉर्मरची, बॅटरीवाल्या गिटारींसाठी आणि जिथे हम काही केल्या जात नाही त्या नाट्यगृहांसाठी. एकच घ्यायची असेल आणि तुमच्या गिटारीच्या कडेला बटणांची पट्टी नसेल, तर पहिली घ्या. पट्टी असेल तर दुसरी. विकत घेण्याआधी दुकानात आपलीच गिटार न्या, जी कॉर्ड वाजवू नका, नुसती जाड तार तिसऱ्या फ्रेटवर छेडा आणि स्वर विझेपर्यंत ऐका.

आणि पिशवीच्या बाहेरच्या खणात नऊ व्होल्टचा एक चौकोनी सेल जास्तीचा ठेवा. सगळ्याच मिक्सरवर फँटम चालू असतं असं नाही.